तो लिहीत का नाही? मेंदूच्या गाठीनंतरचं मुलांचं पुनर्वसन

"मॅडम, तो लिहीतच नाही."

चौथीतला मुलगा. मेंदूतली गाठ काढून दीड वर्ष झालं होतं. रेडिएशन झालं, केमो संपली, एमआरआय स्वच्छ आला. शाळा सुरू होऊन तीन महिने झाले होते. आईने पिशवीतून वह्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. प्रत्येक पानावर तारीख, विषय, दीड ओळ आणि खाली कोरा कागद. त्यावर बाईंचा लाल शेरा : 'काम अपूर्ण. घरी लक्ष द्यावे.' आई म्हणाली, "आजारपणात लाड झाले हो. आता आळशी झालाय." मुलगा मान खाली घालून सँडलचा पट्टा काढत होता, लावत होता.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मुंबईत बरीच वर्षं मुलांबरोबर काम करते. जेवणं, आंघोळ, बटणं लावणं, लिहिणं, खेळणं ही रोजची कामं मुलाला पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत, हा माझा विषय. हे शास्त्र आपल्या शहराला नवं नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात याचं देशातलं पहिलं प्रशिक्षण सुरू केलं. तरीही 'ऑपरेशन झालं, आता पुनर्वसन' असं म्हटलं की बहुतेक घरांत फिजिओथेरपीचे चार व्यायाम एवढंच डोळ्यांपुढे येतं. म्हणून या कोऱ्या पानापासूनच सुरुवात करते.

वर्गात फळ्यावरून एक ओळ उतरवायला काय काय लागतं? बाकावर स्थिर बसता यायला हवं. फळा स्पष्ट आणि एकच दिसायला हवा. बाई काय म्हणाल्या ते ऐकू यायला हवं. वाचलेले शब्द वहीपर्यंत येईतो डोक्यात राहायला हवेत. बोटांनी पेन्सिल धरून नेमकी हवी तिथे हलवायला हवी. हे सगळं फळा पुसला जायच्या आत व्हायला हवं, आणि सकाळपासून पाचव्या तासापर्यंत तेवढी शक्ती टिकायला हवी. मेंदूची गाठ, तिचं ऑपरेशन आणि तिच्यावरचे उपचार या वरच्या प्रत्येक गोष्टीला धक्का लावू शकतात. 'लिहीत नाही' ही तक्रार एक, पण तिची कारणं पाच-सहा असू शकतात आणि ती शोधणारे तज्ज्ञही तेवढेच लागतात. वेगवेगळ्या शाखांच्या लोकांनी मिळून पुनर्वसन का करायचं, याचं सगळं उत्तर या एका ओळीत आहे.

आता थोडं गाठीविषयी. मुलांच्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मेंदूच्या गाठींचा क्रमांक लागतो. मोठ्या माणसांत या गाठी बहुधा मोठ्या मेंदूत होतात. मुलांत मात्र त्या पुष्कळदा डोक्याच्या मागच्या खालच्या भागात, लहान मेंदूजवळ होतात. मेड्युलोब्लास्टोमा हे नाव पालकांच्या कानावर पडतं ती गाठ तिथलीच. लहान मेंदू तोल सांभाळतो आणि हालचालींत नेमकेपणा आणतो. हात उचलायची ताकद स्नायूंत असते, पण कप ओठांशी नेताना तो नाकावर आपटू नये, ही काळजी लहान मेंदू घेतो. तिथे इजा झाली की पाय फाकवून, झोकांड्या खात चालणं सुरू होतं आणि वस्तू धरायला गेलेला हात थरथरतो. लहान मेंदूच्या उजव्या बाजूचा त्रास उजव्याच हाताला होतो, कारण अर्धांगवायूतला उलटापालटीचा नियम (मेंदूची डावी बाजू बिघडली की शरीराची उजवी लुळी) इथे लागू नाही.

ऑपरेशननंतरची शांतता

याच भागातल्या ऑपरेशननंतर काही मुलांत एक विलक्षण गोष्ट घडते. तिच्याबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण आई-बाप तिच्याइतके दुसऱ्या कशानेच घाबरत नाहीत.

मूल ऑपरेशनमधून बाहेर येतं, डोळे उघडतं, 'आई' म्हणतं, पाणी मागतं. सगळे देवाला हात जोडतात. आणि एक-दोन दिवसांत मूल बोलायचं थांबतं. एक शब्द नाही. रडतं तेही चिरक्या, एकसुरी आवाजात. अंग सैल पडतं, गिळणं जड जातं, जवळ घेतलं तरी चिडतं. घरातली माणसं म्हणतात, धक्का बसलाय. कुणी म्हणतं, रुसलाय. कुणी अंगारा घेऊन येतं.

याला सेरेबेलर म्युटिझम म्हणतात. मेड्युलोब्लास्टोमाच्या ऑपरेशननंतर साधारण चारातल्या एका मुलाला हा त्रास होतो. लहान मेंदूपासून मोठ्या मेंदूच्या पुढच्या भागाकडे जाणारे जे मार्ग आहेत, ते दुखावल्यामुळे बोलण्याची सुरुवातच करता येत नाही. मूल रुसलेलं नसतं. त्याला आपलं बोलणं पुष्कळसं समजत असतं, त्याच्याकडून शब्द निघत नाही. ही शांतता काही दिवस टिकते, काही वेळा काही महिने. बोलणं बहुतेक मुलांत परत येतं. परत येतं ते मात्र संथ, तुटक, एकेक अक्षर मोजल्यासारखं. तोल आणि लक्ष यांच्या अडचणी त्याहूनही रेंगाळतात.

या दिवसांत आई पलंगाच्या कठड्याला धरून सारखं म्हणत राहते, "बोल ना रे बाळा, एकदा आई म्हण." तिचं चुकतं असं कसं म्हणू? पण वाचा-उपचारतज्ज्ञ आल्या की पहिली गोष्ट हीच थांबवतात. बोलण्याची परीक्षा बंद करायची आणि मुलाला 'हो' आणि 'नाही' सांगायचा कुठलातरी रस्ता द्यायचा. डोळे मिटणं, बोट उचलणं किंवा पाणी-शू-दुखतंय अशा चित्रांच्या तक्त्याकडे बघणं, जे जमेल ते. मुलाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचायला लागलं की चिडचिड उतरते, हे मी पुष्कळ वेळा पाहिलंय.

गिळण्याची तपासणीही याच तज्ज्ञांची. आपल्याला वाटतं, जेवण जात नसेल तर निदान पाणी द्यावं. पण गिळायला जड जातं तेव्हा सगळ्यांत धोक्याचं पाणीच, कारण ते वेगाने पसरतं आणि श्वासनलिकेत शिरतं. दाट, एकसारखी पेज किंवा पुरणयंत्रातून काढलेला वरणभात पुष्कळदा जास्त सुरक्षित असतो. काय आणि किती दाट द्यायचं, ते तपासूनच ठरतं. आणि मग आजी प्रेमाने चहात बुडवलेलं बिस्कीट भरवते, मुलाला ठसका लागतो, दोन दिवसांनी न्युमोनिया. सूचना आईला सांगितली होती, पण त्या वेळी आई औषधं आणायला खाली गेली होती. म्हणून पलंगाशी जो जो बसतो त्या प्रत्येकाला सांगावं लागतं, आणि मोठ्या अक्षरांत लिहून उशाशी लावावं लागतं.

कोण काय बघतं

फिजिओथेरपिस्ट मुलाला पलंगावरच कुशीवर वळवण्यापासून सुरुवात करतात. बसणं, उभं राहणं, चालणं, जिने. ऑपरेशननंतर प्रकृती स्थिर झाल्याबरोबर हे सुरू व्हायला हवं. शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधी एकदा तपासून ठेवावं, म्हणजे नंतर काय बदललं ते कळतं. 'आधी सगळे उपचार संपू देत, मग व्यायामाचं बघू' हे मी सतत ऐकते आणि दर वेळी जीव तुटतो. या गाठीचे उपचार वर्षभर चालू शकतात, आणि वर्षभर आडवं राहिलेल्या शरीराला परत उभं करणं फार कष्टाचं असतं. केमोच्या दिवसांत रक्तातल्या प्लेटलेट्स कमी झाल्या, ताप आला, तर व्यायाम हलके करायचे, बदलायचे किंवा एखादा दिवस थांबवायचे. सोडून मात्र द्यायचे नाहीत.

केमोतलं एक औषध, व्हिंक्रिस्टिन, हातापायांच्या टोकाच्या नसांवर परिणाम करतं. पावलाचा पुढचा भाग उचलला जात नाही. घरच्यांना ते लक्षात येतं ते चपलेमुळे, कारण चालताना ती सारखी निसटते. हे लवकर सांगितलं तर पायाला आधार देणारी पट्टी मिळते आणि टाच आखडत नाही.

व्यायामशाळेत सरळ रेषेत चालता आलं, म्हणजे मुंबईत राहता आलं असं होत नाही. परळ स्टेशनचा पूल चढता येतो का? चाळीतल्या सार्वजनिक संडासात उकिडवं बसून, काही न धरता उठता येतं का? जमिनीवर मांडी घालून, पुढे न कलंडता, स्वतःच्या हाताने कालवून भात खाता येतो का? माझं काम इथे सुरू होतं. संडासात भिंतीला दांडी लावायची, किंवा तळात भोक असलेली खुर्ची वापरायची. गणवेशाच्या बटणांच्या जागी वेलक्रो, बटणं वरून नुसती शिवलेली. हे शेवटचं मुलींना फार आवडतं, कारण वर्गात कुणाला कळत नाही.

डोळ्यांचं बघायला नेत्रतज्ज्ञ लागतात. गाठीमुळे मेंदूतलं पाणी तुंबतं, त्या दाबाने डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी नस दुबळी होते आणि एकाचे दोन दिसू लागतात. लांबचं बघताना जास्त. मूल मान वाकडी करून बघतं किंवा एक डोळा मिटतं. पुस्तक बरं वाचतं आणि फळ्याशी अडतं.

कानांचं तर फारच फसवं असतं. सिस्प्लॅटिन या औषधाने कानाच्या आतल्या पेशी मरतात, त्या परत येत नाहीत, आणि सुरुवात उंच पट्टीच्या आवाजांपासून होते. आईची हाक, दाराची कडी, टीव्हीचा आवाज सगळं ऐकू येतं. हरवतात ते 'स', 'श', 'फ' असे हवेचे आवाज. पंखा गरगरणाऱ्या, खिडकीबाहेर रिक्षा वाजणाऱ्या वर्गात 'सात' आणि 'आठ' त्याला सारखेच वाटू शकतात. घरी म्हणतात, "मनात आलं की बरोबर ऐकतो." म्हणून या औषधाच्या आधी आणि उपचारांच्या मध्ये पुन्हा पुन्हा ऐकण्याची तपासणी व्हायलाच हवी. ऑडिओलॉजिस्टने दिलेलं यंत्र लवकर लागलं तर भाषेचं नुकसान कमी होतं.

आणि मेंदूचा वेग. रेडिएशनने गाठीच्या पेशी मरतात, पण वाढत्या मेंदूतल्या तारांवरचं आवरणही दुखावतं. हुशारी जाते असं नाही. शिकलेलं पुसलं जातं असंही नाही. फास्ट लोकलची लाईन बंद पडून सगळ्या गाड्या स्लो लाईनवर वळवल्यावर जे होतं, ते होतं. गाडी ठाण्याला पोचते, पण वेळ लागतो आणि मागे रांग लागते. शिवाय डोक्यात एखादी गोष्ट थोडा वेळ धरून ठेवणं अवघड जातं. सत्तावीस अधिक पस्तीस : सात आणि पाच बारा, दोन लिहिले, हातचा एक. थरथरत्या हाताने तो दोन लिहून होईपर्यंत हातचा निसटलेला असतो. उत्तर येतं बावन्न. बाईंना वाटतं, बेरीज येत नाही. बेरीज येते, हातचा टिकत नाही. तो शेजारच्या चौकोनात लिहून ठेवायची सवय लावली की बासष्ट येतं.

मूल जितकं लहान, तितकं हे नुकसान जास्त. म्हणूनच तीन वर्षांखालच्या बाळांना डॉक्टर शक्यतो रेडिएशन टाळतात किंवा लांबवतात. टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात २०२३पासून सुरू झालेल्या प्रोटॉन या वेगळ्या प्रकारच्या रेडिएशनमागेही हाच हेतू आहे, की गाठीपलीकडच्या चांगल्या मेंदूला कमी मार बसावा.

हा परिणाम लगेच दिसत नाही, आणि तिथेच घरं गाफील राहतात. तिसरीत मूल वर्गाबरोबर असतं. सहावीत विषय वाढतात, धडे लांबतात, आणि तेव्हा ते मागे पडतं. ट्यूमर जाऊन चार वर्षं झालेली असतात, त्यामुळे त्याचा संबंध कुणी लावत नाही. यासाठी मानसशास्त्रज्ञांकडून लक्ष, स्मरण आणि वेगाची चाचणी शक्यतो रेडिएशनच्या आधी एकदा आणि पुढे ठरावीक काळाने करत राहावी लागते.

अंतःस्रावांचे डॉक्टर उंची, थायरॉइड आणि वयात येणं यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवतात. थायरॉइड कमी झालं तर मूल दुपारीच गळून जातं आणि तेही आळसाच्या खात्यावर जमा होतं.

एक सूचना मध्येच देते, कारण ती थांबू शकत नाही. डोक्यात शंट (तुंबलेलं पाणी वाहून नेणारी नळी) बसवलेल्या मुलाला सकाळी उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा वेगळीच झापड आली, तर 'थकला असेल' म्हणून झोपवू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

एकत्र म्हणजे काय

इतके तज्ज्ञ असणं आणि ते एकत्र असणं यांत फरक आहे. मी अशा ठिकाणी काम केलंय, जिथे सगळे होते, पण वेगवेगळ्या मजल्यांवर आणि वेगवेगळ्या वारी. आई फाइल घेऊन फिरायची आणि एकाचा निरोप दुसऱ्याला तिच्या शब्दांत द्यायची. सकाळी फिजिओने मुलाला घाम काढेपर्यंत चालवलं आणि दुपारी त्याची स्मरणाची चाचणी घेतली. अहवाल वाईट आला. त्या अहवालावर मुलाच्या शाळेचा निर्णय होणार होता. ती चूक आम्हा सगळ्यांची होती आणि मला ती अजून सलते.

खरी टीम आठवड्यातून एकदा एका टेबलाशी बसते, मुलाचं नाव घेते आणि एकच गोष्ट ठरवते : पुढच्या सहा आठवड्यांत याला काय जमायला हवं? ते मुलाला आणि घरच्यांना विचारून ठरवते. एका मुलीने सांगितलं होतं, "मला दादाच्या लग्नात पायऱ्या चढून स्टेजवर जायचंय, कुणी उचलायचं नाही." मग फिजिओने पायऱ्या घेतल्या, मी चनियाचोळीचा घेर पायात येऊ नये म्हणून तिच्या आईबरोबर शिवणकाम ठरवलं, आणि मानसशास्त्रज्ञ केस नसलेल्या डोक्याकडे लोक बघतील त्याबद्दल तिच्याशी बोलल्या.

या टेबलाशी समाजसेवक नसेल तर बाकीचं सगळं कागदावर राहतं. परळला उपचारांसाठी विदर्भातून, मराठवाड्यातून, थेट बिहारमधून माणसं येतात. रेडिएशन पुष्कळदा सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. राहायचं कुठे? दादरची संत गाडगे महाराजांची धर्मशाळा कित्येक कुटुंबांचा आधार आहे. सेंट ज्यूड इंडियाची मुलांसाठीची निवासकेंद्रंही आहेत. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसता येतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि आई ताप असलेलं मूल कडेवर घेऊन जनरल डब्यात लोंबकळते. मोठा उपचार संपल्यावर पुढच्या पुनर्वसनासाठी मुंबईत हाजी अलीला भौतिक उपचार आणि पुनर्वसनाची केंद्र सरकारची संस्था आहे, ऐकण्या-बोलण्यासाठी वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. गावी परतणाऱ्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी 'जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र' विचारावं, तिथे १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना पाहतात.

कायद्याचंही थोडं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत 'ब्रेन ट्यूमर' असं नाव शोधू नका, ते नाही. चालणं, दृष्टी, ऐकणं, वाचा, बौद्धिक क्षमता यांपैकी जे बिघडलंय त्याचं, किंवा एकाहून जास्त असेल तर एकत्रित प्रमाणपत्र मिळतं. ते ४० टक्के किंवा जास्त आलं तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि परीक्षेत लेखनिक किंवा तासाला २० मिनिटं जादा वेळ मागता येतो. काही आई-बाप प्रमाणपत्र नको म्हणतात. मुलीचं लग्न जमायचं असतं, लोक काय म्हणतील. मी आग्रह करत नाही, फक्त विचारते, "ती २० मिनिटं तिला दुसरं कोण देणार?"

आणि घरातलं दुसरं मूल. वर्षभर मावशीकडे ठेवलेलं, कुणी न विचारलेलं. त्यालाही एकदा टीमकडे घेऊन या. त्याला पुष्कळदा वाटत असतं, आपण भांडताना डोक्यात मारलं होतं म्हणून हे झालं.

आता तो कोऱ्या पानांचा मुलगा. तपासण्या व्हायला तीन आठवडे लागले. उजवा हात थरथरत होता. लांबचं दुहेरी दिसत होतं. 'स' आणि 'श' ऐकू येत नव्हते. वेग कमी होता. थायरॉइड कमी होतं. आळस कुठल्याच अहवालात नव्हता. आईने अहवाल दोनदा वाचले आणि मुलाकडे न बघता त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

थायरॉइडची गोळी सुरू झाली. चष्म्याच्या काचेवर दोनाचं एक दाखवणारं प्रिझम आलं, कानाला यंत्र आलं. पाय बाकावरून लोंबत होते म्हणून अंग हलायचं आणि अंगाबरोबर हात. घरातला जुना पाट शाळेत नेऊन पायांखाली ठेवला. पेन्सिलीला जाड रबरी पकड बसवली. बाईंना भेटायला मी आणि समाजसेविका दोघी गेलो. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी त्याला पहिल्या बाकावर घेतलं, फळ्यावरचा मजकूर छापून द्यायला लागल्या, गृहपाठ निम्मा केला आणि पुढचा लाल शेरा आधी फोन करून मग लिहायचं कबूल केलं.

सहामाहीचा गणिताचा पेपर आई मला दाखवायला घेऊन आली. अक्षर वेडंवाकडं, प्रत्येक बेरजेशेजारी हातच्याचा चौकोन. दोन प्रश्न सोडलेले होते. मी त्याला विचारलं, "वेळ पुरला नाही का रे?"

"पुरला," तो म्हणाला. "ते येतच नव्हते."